ध्यान ठेवणारा संत

चिमूर तालुक्याची एक कड ताडोबाच्या अरण्याला भिडलेली आहे. साग, मोह, तेंदू आणि बांबू यांच्या दाट रानात रामदिघीचा धबधबा आहे, आणि याच तालुक्यात गोंदेडा हे लहानसे गाव आहे. गोंदेड्याच्या गुंफेपाशी दरवर्षी यात्रा भरते. भजनी मंडळे खंजिरी घेऊन येतात, दिंड्या निघतात, पहाटेच्या थंडीत माणसे ओळीने मांडी घालून बसतात. ज्याच्या स्मरणार्थ हे सारे होते तो या रानात प्रथम आला तेव्हा संत नव्हता, महाराजही नव्हता. घर सोडून निघालेला एक किशोरवयीन मुलगा होता आणि त्याचे शिक्षण तिसऱ्या इयत्तेपाशी थांबले होते.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे चरित्र विदर्भाला नवे नाही. ग्रामगीता घरोघरी आहे, २००५ पासून नागपूर विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत श्रीगुरुदेव सेवा मंडळाचा फलक नसलेले मोठे गाव शोधावे लागेल. ग्रामसुधारक, स्वातंत्र्यसैनिक, कीर्तनकार ही त्यांची रूपे वारंवार सांगितली गेली आहेत. त्या मानाने एक बाजू दुर्लक्षित राहिली. मोठ्या माणसाने लहान मुलासमोर कसे असावे, कसे बसावे, कसे लक्ष द्यावे याचा विचार या अविवाहित माणसाने आयुष्यभर केला. शहरांतील पालक आज त्यासाठी कार्यशाळांना जातात आणि त्याला 'माइंडफुलनेस' म्हणतात. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ध्यानाचा वर्ग सुरू केला आणि १९९७ मध्ये पत्नी मायला यांच्यासह त्याच विचारावर पालकांसाठी पुस्तक लिहिले. मोझरीच्या आश्रमात मुले आणि मोठी माणसे एका ओळीत बसून पहाटेचे सामुदायिक ध्यान करू लागली, त्याला तोवर काही दशके लोटली होती.

विदर्भाच्या बोलीत हा विचार एका शब्दातच आहे. आई शेतावर निघताना शेजारणीला पोराकडे ध्यान ठेवायला सांगते. तेच ध्यान योग्याचे आणि तेच अंगणात रांगणाऱ्या मुलावरच्या नजरेचे. पुण्या-मुंबईच्या मराठीत त्यासाठी 'लक्ष' हा शब्द आला आणि 'ध्यान' देवघरात जाऊन बसले. वऱ्हाडात आणि झाडीपट्टीत तसे झाले नाही. तुकडोजी महाराजांची शिकवण समजून घ्यायची तर या दुहेरी अर्थापासून सुरुवात करणे सोयीचे पडते.

यावलीचा माणिक

३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे त्यांचा जन्म झाला. नाव माणिक, वडील बंडोजी इंगळे, आई मंजुळाबाई. घरची गरिबी विलक्षण होती. वडिलांचा शिवणकामाचा व्यवसाय घर धड चालवू शकत नव्हता. माणिकचे बालपण यावली, आजोळचे वरखेड आणि चांदूर बाजार अशा तीन ठिकाणी विखुरले. शाळा अशा घरात टिकत नाही, तशी त्याचीही टिकली नाही. मुलाचे मन पुस्तकापेक्षा भजनात अधिक, हे घरच्यांच्याही लक्षात आले होते.

वरखेडला अडकोजी महाराज होते. त्यांच्याभोवती भजन चाले आणि हा मुलगा तिथे तासन् तास बसून राही. अडकोजींनी त्याला हाकलले नाही, शाळा बुडविली म्हणून रागावले नाहीत, त्याच्या गाण्याला दाद दिली आणि त्याला आपला म्हटले. तुकड्या हे नाव त्यांचेच. भाकरीच्या तुकड्यांवर जगणारा म्हणून तुकड्या, असा त्याचा एक अर्थ परंपरेत सांगितला जातो. नाव कशावरूनही पडलेले असो, माणिकने ते आयुष्यभर मिरविले. पुढे राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी राष्ट्रसंत म्हणून गौरविल्यावरही भजनाच्या शेवटी तो तुकड्यादासच राहिला.

या नात्याकडे चरित्रकार गुरुकृपा म्हणून पाहतात, आणि भक्तांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले तरी त्याचे मोल कमी होत नाही. ज्या मुलाला शाळेने अपुरा ठरवून सोडून दिले, त्याच्याकडे एका वृद्धाने नीट पाहिले. मुलाच्या अंगी काय नाही याची यादी करण्याआधी काय आहे ते पाहावे, हे पुढच्या तुकडोजींचे सूत्र त्यांना ग्रंथातून मिळालेले नव्हते. अडकोजींचे निधन झाले तेव्हा माणिक अजून लहानच होता. आधार तुटला आणि काही काळाने त्याने घर सोडले.

रानातली शाळा

रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदेडा ही या भटकंतीतील ठिकाणे. त्यांपैकी शेवटची दोन आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील. तेव्हा हा सारा मुलूख चांदा जिल्हा होता. गडचिरोली त्यातच होती, तो जिल्हा वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. मध्य प्रांताच्या या टोकाला रस्ते थोडे, शाळा त्याहून थोड्या आणि हिंस्र श्वापदे भरपूर होती. रामदिघीच्या अरण्यात एका गुहेत योग्याने या मुलाला योगसाधना शिकविली आणि एके दिवशी तो योगी दिसेनासा झाला, अशी कथा भक्तमंडळी सांगतात. चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. स्वतः तुकडोजींनी ग्रामगीतेत संतांच्या चमत्कारांवर एक अध्यायच लिहिला आणि लोकांनी चमत्काराच्या मागे लागू नये असेच बजावले.

चमत्कार बाजूला ठेवला तरी रान उरते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात वाढणारे मूल डोळे आणि कान उघडे ठेवायला फार लवकर शिकते. वानराच्या ओरडण्यात फरक पडला की ते थांबते, वाळल्या पाचोळ्यावरचे पाऊल कोणाचे ते ओळखते. मोह वेचायला पहाटे आईबरोबर गेलेल्या पोराला कोणी एकाग्रतेचा धडा देत नाही, तो जंगल देते. माडिया गोंडांच्या गोटुलातही तरुण पोरे मोठ्यांच्या उपदेशापेक्षा सहवासातूनच शिकत आली. तुकडोजींची साधना या मुलखात झाली, आणि त्यांच्या ध्यानात डोळे मिटून जगापासून सुटण्यापेक्षा डोळे उघडून जगाकडे परतण्यावर भर राहिला. या दोन गोष्टींचा संबंध लावण्याचा मोह आवरत नाही. रानातून ते परत आले तेव्हा त्यांच्या हाती खंजिरी होती, आणि त्यानंतर त्यांनी गाव सोडले नाही.

१९३५ मध्ये सालबर्डीला मोठा यज्ञ झाला, लाखो माणसे जमली असे सांगतात, आणि त्याच वर्षी अमरावती-नागपूर मार्गावर मोझरी येथे गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये ते गांधीजींच्या निमंत्रणावरून सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, जाऊन सुमारे महिनाभर राहिले. भजन ऐकून गांधीजींनी आपले मौन मोडले, ही आख्यायिका विदर्भात आजही आवडीने सांगितली जाते. आख्यायिकेपेक्षा महत्त्वाचे हे, की त्या आश्रमात झाडणे, दळणे, प्रार्थना आणि शिकणे यांच्यात भिंत नव्हती. दुसऱ्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीमची कल्पना देशापुढे आली. तुकडोजींच्या जीवनशिक्षणाच्या विचारावर या वातावरणाची छाया स्पष्ट आहे.

चिमूर, १९४२

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग मात्र याच चंद्रपूर जिल्ह्यात घडला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांची भजने चिमूर परिसरात झाली होती. दगडधोंडे शस्त्रे होतील आणि भक्तांची सेना होईल अशा अर्थाचे त्यांचे हिंदी भजन तरुणांच्या ओठी होते. १६ ऑगस्ट रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमुरात मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, जमाव उसळला. बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा गोळीबारात कामी आला. जमावाच्या हातून सरकारी अधिकारी आणि कर्मचारीही मारले गेले. काही दिवस चिमूर इंग्रजांच्या ताब्यात नव्हते. नंतर लष्कर आले आणि त्याने गावातील बायाबापड्यांवर जे अत्याचार केले त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केले.

तुकडोजींना २८ ऑगस्ट रोजी चंद्रपूर येथे अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत तीन महिन्यांहून थोडा अधिक काळ काढून डिसेंबरमध्ये ते सुटले.

चिमूरच्या क्रांतीचा गौरव झाला आहे आणि तो रास्तच आहे. तरीही या घटनेची दुसरी बाजू चरित्रात सहसा येत नाही. खंजिरीवर गायलेला शब्द ऐकून पोरे रस्त्यावर उतरली होती, आणि त्यांतील एक परत आला नव्हता. शब्दात एवढी शक्ती असेल तर तो उच्चारणाऱ्याची जबाबदारी किती, हा प्रश्न गायकापुढे उभा राहिल्यावाचून राहत नाही. तुरुंगातून सुटलेल्या तुकडोजींनी देशभक्ती सोडली नाही, भजनेही सोडली नाहीत. पण १९४३ नंतरच्या त्यांच्या कामाकडे पाहिले तर वजन कोठे सरकले ते दिसते. सेवा मंडळाच्या शाखा, ग्रामसफाई, नित्य प्रार्थना, मुलांची आणि तरुणांची दैनंदिनी, श्रीगुरुदेव मासिक. क्षणात पेटणाऱ्या उत्साहापेक्षा रोज ठरलेल्या वेळी केलेल्या लहान गोष्टींवर त्यांनी भरवसा ठेवला. हा बदल चिमूरमुळेच झाला असे ठामपणे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कालक्रम मात्र तसा आहे.

मोठ्यांनी आधी बसावे

सामुदायिक ध्यान आणि सामुदायिक प्रार्थना ही तुकडोजींची खरी निर्मिती. ध्यान सूर्योदयापूर्वी, प्रार्थना सायंकाळी. जागा झाडलेली, ओळी सरळ, समोर अधिष्ठान. या अधिष्ठानावर मूर्ती नसते, रिकामे आसन असते. त्यामुळे कोणत्या देवाचे, कोणत्या जातीचे, हा प्रश्न उंबरठ्यावरच संपतो. पहाटे सर्वजण काही वेळ पाठीचा कणा ताठ ठेवून, स्तब्ध बसतात. ध्यानानंतर त्यावर कोणीतरी चार विचार मांडतो. मग रामधून गात गावातून फेरी आणि हातात खराटे. ध्यान संपताच झाडू हाती येतो, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. मनाची स्वच्छता आणि नालीची स्वच्छता यांत त्यांनी अंतर ठेवले नाही.

यात मुलांसाठी वेगळी ओळ असली तरी वेगळी वेळ नाही, आणि कळीचा मुद्दा तोच आहे. मुलांना शांत बसविण्याचे शेकडो उपाय शिक्षकांना आणि पालकांना ठाऊक असतात. धाक, आमिष, गोष्ट, आणि आताच्या काळात हातात दिलेला मोबाईल. तुकडोजींच्या पद्धतीत मुलाला शांत बसवायचे नसते. बाप बसतो, आई बसते, गावचा पाटील आणि मास्तर बसतो. मूल त्यांच्या शेजारी येऊन बसते. चुळबूळ करते, डोळे किलकिले करून पाहते, एखादे झोपी जाते. आजूबाजूला चाळीस-पन्नास मोठी माणसे गप्प आहेत आणि त्यांतला एक आपला बाप आहे, हे त्याला दिसते. ज्या बापाचा आवाज घरात नेहमी चढलेला असतो तो काही मिनिटे हललेला नाही, हे दृश्य मुलाच्या दृष्टीने लहान नसते.

सायंकाळच्या प्रार्थनेची वेळही योगायोगाची वाटत नाही. दिवसभराच्या मजुरीनंतर दारूच्या गुत्त्याकडे पाय वळण्याची वेळ हीच असते. महाराजांनी दारूविरुद्ध आयुष्यभर गायिले. दारूच्या घरातले मूल संध्याकाळी अंगणातल्या पावलांचा कानोसा घेते आणि पावले कशी पडतात त्यावरून आजची रात्र कशी जाणार ते ओळखते. या दोन जिल्ह्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती लोकांच्या, विशेषतः बायकांच्या, आंदोलनातून. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. कायद्याचे काय व्हायचे ते होवो. दिवेलागणीला बाप शुद्धीवर घरी असणे ही मुलाच्या मनःशांतीची पहिली अट आहे, आणि प्रार्थनेची वेळ ठरविणाऱ्याला ती माहीत होती असे दिसते.

याच दशकांत देशात इतरत्रही मुलांच्या शांततेचा वेगळा विचार चालला होता. मारिया माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धामुळे कित्येक वर्षे येथेच राहिल्या. त्यांच्या पद्धतीत मौनाचा खेळ आहे. मुले आपणहून निःशब्द होतात आणि दूरवरून कुजबुजत पुकारलेले आपले नाव ऐकून एकेक करून उठतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी कुरणशाळा चालविली. माँटेसरी डॉक्टर, ताराबाई पदवीधर, आणि तुकडोजी तिसरी शिकलेले. मुलावर शांतता लादता येत नाही, ती मोठ्यांनी आधी स्वतःत आणावी लागते, या मुद्द्यावर तिघेही एकाच जागी पोहोचतात. फरकही मोठा आहे. माँटेसरी आणि ताराबाईंनी प्रत्येक मुलाचे वेगळेपण टिपले. तुकडोजींची नजर समूहावर, गावावर होती. एकट्या, मागे राहणाऱ्या, ओळीत न बसू शकणाऱ्या मुलासाठी त्यांच्या पद्धतीत जागा कमी आहे, ही तिची मर्यादा मान्य करावी लागते.

ग्रामगीतेतील मूल

१९५५ मध्ये ग्रामगीता प्रसिद्ध झाली. ४१ अध्याय, ४६७५ ओव्या, आणि अर्पण ग्रामदेवतेला. शेतकऱ्याला वाचता यावी अशी भाषा. जीवनशिक्षण हा त्यातला एक स्वतंत्र अध्याय आहे. पुस्तके पाठ करून नोकरीच्या मागे धावणारा आणि घरच्या कामाला लाजणारा मुलगा हे त्या काळचे नवे चित्र होते. शिक्षणाने माणूस जगण्याला लायक व्हावा, हाताला काम आणि मनाला वळण मिळावे, असा त्या अध्यायाचा आग्रह आहे. स्वतः शाळेत न टिकलेल्या माणसाने शाळा मोडीत काढली नाही, तिचे दार गावाकडे उघडायला सांगितले.

पालकांसाठी त्याहून मोलाचा आहे तो संसर्गाच्या प्रभावावरचा अध्याय. माणूस ज्यांच्या संगतीत राहतो तसा होतो, हे जुनेच सूत्र. तुकडोजी ते गावापर्यंत ताणतात. मुलावर घर संस्कार करते, तसा चावडीवरचा वादही करतो, पारावरची शिवीही करते. मुलाचा दोष काढण्याआधी त्याने काय पाहिले आणि काय ऐकले ते पाहावे, असा त्याचा रोख आहे. महिलोन्नतीच्या अध्यायात स्त्रियांना दुय्यम लेखणाऱ्यांचा ते समाचार घेतात. आईला अडाणी आणि भीतीत ठेवून मुलाचे संस्कार साधत नाहीत, इतके साधे ते गणित आहे. आजच्या वाचकाला ग्रामगीतेतील काही भाग जुन्या वळणाचे वाटतील, शिस्तीवरचा भर कुठे कुठे जड होईल. सत्तर वर्षांपूर्वीच्या गावासाठी लिहिलेला ग्रंथ आहे, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा.

ग्रामगीतेच्या वर्षीच ते जपानला विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेसाठी गेले आणि तेथेही खंजिरीवर गायले. १९५६ मध्ये भारत साधू समाजाचे पहिले अध्यक्ष झाले. भूदानात विनोबांना साथ दिली, युद्धांच्या काळात सीमेवर जाऊन जवानांपुढे भजने केली. या धामधुमीच्या वर्षांचा तपशील सर्वत्र उपलब्ध आहे.

शिबिरे आणि सुट्ट्या

चंद्रपूर आणि गडचिरोलीत त्यांचा वारसा टिकला तो मुख्यतः सेवा मंडळाच्या शाखांतून. तुकारामदादा गीताचार्य यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील अड्याळ टेकडीवर ग्रामगीतेच्या आधारे आयुष्यभर काम केले. उन्हाळ्याच्या सुट्टीत विदर्भातील अनेक गावांत मुलांची सुसंस्कार शिबिरे भरतात. पहाटे ध्यान, मग योगासने, लाठीकाठी, लेझीम, खंजिरी, भजन, श्रमदान आणि सायंकाळी प्रार्थना असा दिवस. झाडीपट्टीतील ज्या पोराने कधी व्यासपीठ पाहिले नाही ते शिबिराच्या समारोपाला शंभर माणसांपुढे उभे राहून गाते.

या शिबिरांची एक अडचण आहे आणि ती महाराजांच्या मूळ विचाराशीच भिडते. सुट्टीत मुलांना शिबिरात पाठवून पालक मोकळे होतात. मूल पहाटे उठायला शिकून परत येते तेव्हा घरात दूरचित्रवाणीचा आवाज रात्री उशिरापर्यंत चालू असतो. आठ-पंधरा दिवसांत ती सवय गळून पडते आणि दोष मुलाला मिळतो. सामुदायिक या शब्दाचा अर्थ केवळ मुलांचा समुदाय असा घेतला, की पद्धतीचा अर्धा भाग नाहीसा होतो. नागपूर-मुंबईच्या महागड्या वर्गांतही हेच घडते. मुलाला एकाग्रतेच्या वर्गाला सोडून आई-वडील बाहेर मोटारीत फोनवर बोलत बसतात.

अंगणवाडी सेविका आणि आश्रमशाळांतील शिक्षक यांची गोष्ट निराळी. गडचिरोलीच्या आश्रमशाळेत लहान मूल घरापासून दूर, कित्येकदा घरच्या भाषेपासूनही दूर येते. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलापुढे मराठी पुस्तक असते. ते गप्प असते याचा अर्थ ते शांत आहे असा नव्हे. त्याच्या गप्प बसण्यात भीती किती, घरची आठवण किती आणि न कळलेले शब्द किती, हे ओळखणारे माणूस शाळेत असणे ही त्याची गरज आहे. वरखेडला अडकोजींपाशी बसणाऱ्या माणिकला असे माणूस मिळाले होते.

मौन

शेवटच्या काळात महाराजांना कर्करोगाने गाठले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज मोझरी येथे त्यांनी देह ठेवला. वय ५९ वर्षे. आश्रमासमोरच त्यांची समाधी आहे.

दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवाला विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून माणसे मोझरीला येतात. चिमूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा येथून गाड्या भरून निघतात, पालख्या पायी येतात. मुख्य दिवशी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. तोवर तिथे जत्रेचा गलबला असतो. खेळण्यांची दुकाने, प्रसादाच्या रांगा, हरवलेल्या मुलांची ध्वनिक्षेपकावरची नावे. ती वेळ आली की सारे जागच्या जागी थांबते. महामार्गावरची वाहने उभी राहतात, दुकानदार हातातले माप खाली ठेवतात. हजारोंच्या त्या गर्दीत आवाज येतो तो एखाद्या तान्ह्या मुलाचा, आणि त्याला कोणी दटावत नाही. आई त्याला खांद्यावर घेऊन उभी राहते.